जहाज कुणाच्या हातात होतं?



नौदलावर बोलायला कुणी उभं राहिलं की आपल्याकडे श्रोते कान्होजी आंग्र्यांची वाट बघतात, नाहीतर १९७१च्या कराचीची. त्यांची आज निराशा होणार आहे. मी अपघातांवर बोलणार आहे. शत्रू आसपास नाही, एकही तोफ डागलेली नाही, रोजचं काम चाललेलं आहे आणि माणसं मरतात. कधी खलाशी, कधी अधिकारी, कधी बोटीतून फिरायला निघालेलं एखादं कुटुंब. मग विचारलं जातं, जबाबदार कोण? नौदलापाशी याचं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं उत्तर आहे. कप्तान. जहाजावर जे काही होईल त्याचा धनी कप्तान. हे उत्तर मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच, की ते एकदा मिळालं की पुढे कुणी काही विचारत नाही. आज तासभर आपण ते पुढचं विचारू.

सुरुवात मुंबईपासूनच करू.

१४ ऑगस्ट २०१३. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. नौदल गोदीत उभ्या असलेल्या ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले, आगीचा लोळ उठला आणि पाणबुडी धक्क्यालाच बुडाली. आतले १८ जण गेले. रशियात मोठी दुरुस्ती होऊन ती त्याच वर्षी परत आली होती. त्यानंतरचे सहा महिने नौदलाला वाईट गेले. रत्नागिरीजवळ ‘तलवार’ ही युद्धनौका मासेमारी बोटीवर आदळली. बोट बुडाली, माणसं वाचली. विशाखापट्टणमजवळ ‘ऐरावत’ रुतली आणि तिच्या कप्तानाला पदावरून हटवण्यात आलं. मग २६ फेब्रुवारी २०१४ची सकाळ उजाडली. गोदीतली दुरुस्ती आटोपून चाचण्यांसाठी मुंबईबाहेरच्या समुद्रात गेलेल्या ‘सिंधुरत्न’च्या तिसऱ्या कप्प्यात धूर झाला. पाणबुडीत धूर होतो म्हणजे काय होतं? खिडकी उघडता येत नाही. बाहेर पळता येत नाही. बाकीच्यांना वाचवायचं तर तो कप्पा बंद करावा लागतो. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी त्यात गेले. दोघांनाही पुढे मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं.

त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्यांचा वर्षाहून अधिक कार्यकाळ शिल्लक होता. असं कारण देऊन पायउतार झालेला दुसरा सेनाप्रमुख स्वतंत्र भारतात नाही. देशभर कौतुक झालं, लालबहादूर शास्त्रींची आठवण निघाली. ती निघणं योग्यच होतं. पण शास्त्रींच्या बाबतीतला तपशील आपण विसरतो. १९५६ साली महबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर त्यांनी राजीनामा दिला तेव्हा नेहरूंनी तो स्वीकारला नव्हता. अरियालूरचा अपघात झाला, शास्त्रींनी पुन्हा दिला, तेव्हा घेतला. आणि घेताना संसदेत सांगितलं, की अपघाताला शास्त्री जबाबदार आहेत म्हणून नव्हे, एक पायंडा पडावा म्हणून घेतो आहे.

जोशींचा राजीनामा दिल्लीनं त्याच दिवशी मंजूर केला. त्याच दिवशी! सरकारी कामकाजाची गती ज्यांना ठाऊक आहे त्यांनी विचार करावा. पाणबुडीच्या बॅटऱ्या बदलायच्या, सुटे भाग मागवायचे, दुरुस्तीचं कंत्राट द्यायचं, तर फाइल महिनोन्‌महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. राजीनाम्याची फाइल मात्र सूर्य मावळायच्या आत निकाली निघते. हे औदार्य होतं की सुटका? मला विचाराल तर राजीनामा बरोबर होता आणि त्याची मंजुरी चूक होती. निदान सरकारनं म्हणायला हवं होतं, की ॲडमिरल, थांबा. आधी चौकशी होऊ दे, त्या चौकशीपुढे तुम्हीही बसा आणि आम्हीही बसतो. मग जा.

काही महिन्यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत जोशी बोलले. आशय असा, की कामातलं कौशल्य दलाकडे आहे, उत्तर देण्याची जबाबदारीही दलाकडे आहे, पण मंजुरी देण्याचा अधिकार भलतीकडेच आहे. ज्याच्या हातात अधिकार त्याला जाब नाही, आणि ज्याला जाब द्यायचा त्याच्या हातात अधिकार नाही. सेवेत असताना त्यांनी हे किती जोरानं मांडलं होतं, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता, मीही विचारतो. पण मुद्दा खोटा ठरत नाही.

आणि राजीनाम्यानं काय थांबलं? नऊ दिवसांनी, ७ मार्चला, माझगाव डॉकमध्ये बांधून पूर्ण होत आलेल्या ‘कोलकाता’वर कार्बन डायऑक्साइडची गळती होऊन नौदलाचा एक कमांडर गेला. जहाज अजून नौदलाच्या ताब्यात यायचं होतं. मग आता राजीनामा कुणी द्यायचा? गोदीनं? मंत्रालयानं? कुणीच दिला नाही. एप्रिलमध्ये नवे नौदलप्रमुख नेमताना सर्वांत ज्येष्ठ अधिकारी, म्हणजे मुंबईतल्या पश्चिम कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल शेखर सिन्हा, यांना डावलून रॉबिन धोवन यांना नेमलं. सिन्हांनी मुदतपूर्व निवृत्ती मागितली. वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध पश्चिम कमांडमधल्या अपघातांशी जोडला. ती शिक्षा होती का? असेल तर कोणत्या दोषाबद्दल? शिक्षा झाली आहे की नाही हेच जिथे नीट कळत नाही, तिथे त्या शिक्षेपासून पुढच्या अधिकाऱ्यानं काय शिकावं?

आता कप्तानाकडे वळू, कारण त्याच्यावर अन्याय होतो असं मी म्हणतो आहे असा तुमचा समज व्हायला नको.

८ सप्टेंबर १९२३च्या रात्री अमेरिकेच्या १४ विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन दिएगोकडे निघाल्या होत्या. वेग २० नॉट, धुकं दाट. पुढच्या ‘डेल्फी’वर तुकडीप्रमुख कॅप्टन एडवर्ड वॉटसन होते. जहाज कुठे आहे हे वेग आणि वेळेच्या हिशेबानं ठरवलं जात होतं. किनाऱ्यावरच्या नव्या रेडिओ केंद्राकडून दिशा कळत होती, ती या हिशेबाशी जुळेना. त्यांनी रेडिओवर अविश्वास दाखवला आणि हिशेबावर विश्वास ठेवून वळण घेतलं. ‘डेल्फी’ होंडा पॉइंटच्या खडकांवर चढली. मागून येणारी जहाजं एकामागून एक चढत गेली. ७ विनाशिका गेल्या, २३ माणसं मेली. लष्करी न्यायालयापुढे अकरा अधिकारी उभे राहिले. वॉटसन यांनी काय केलं? वकिली डावपेच केले नाहीत. हाताखालच्यांवर ढकललं नाही. सगळी जबाबदारी आपली म्हणून घेतली. त्यांची सेवाज्येष्ठता दीडशे जागांनी खाली आणली, म्हणजे पुढची बढती संपली. बहुतेक बाकीचे सुटले.

असा माणूस नियमानं घडतो. कप्तान झोपेत असो, जेवत असो, आजारी असो, जहाज त्याचं. हा नियम निर्दय आहे. तो तसाच असायला हवा, कारण भर समुद्रात दाद मागायला दुसरं कुणी नसतं. शेकडो माणसांनी रात्री ज्याच्या भरवशावर डोळे मिटायचे, त्याला ‘मी तिथे नव्हतो’ म्हणायची मुभा देऊन कसं चालेल?

पण आता त्याच अमेरिकी नौदलाचं २०१७ साल बघा. १७ जूनच्या रात्री दीडच्या सुमाराला जपानच्या किनाऱ्याजवळ ‘फिट्झजेराल्ड’ ही विनाशिका एका मालवाहू जहाजाला धडकली. ७ नाविक झोपायच्या जागीच बुडाले. कप्तान ब्राइस बेन्सन केबिनमध्ये झोपले होते. धडकेत केबिनच चेपली आणि ते जहाजाच्या बाहेर लोंबकळत होते, नाविकांनी त्यांना आत ओढलं. दुसरं जहाज जवळ आलं तर कप्तानाला उठवा, असा त्यांचा कायमचा हुकूम होता. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यानं उठवलं नाही. दोन महिन्यांनी, २१ ऑगस्टला, सिंगापूरजवळ ‘जॉन मॅककेन’ एका तेलवाहू जहाजासमोर आली. १० मेले. तिथली गोष्ट तर विलक्षण आहे. सुकाणू धरलेल्या मुलाला वेग आणि दिशा दोन्ही सांभाळणं जड जात होतं, म्हणून कप्तानानं एक काम शेजारच्या कन्सोलवर द्यायला सांगितलं. सगळं टचस्क्रीनवर. बदल करताना गोंधळ झाला, सुकाणू बंद पडलं असं ब्रिजवरच्या सगळ्यांना वाटलं. ते बंद पडलं नव्हतं. नियंत्रण दुसऱ्या पडद्यावर गेलं होतं. एका बाजूचं इंजिन मंदावलं, दुसरं तसंच चालू राहिलं आणि जहाज आपोआप वळत गेलं. मिनिटांचा खेळ. पुढे त्याच नौदलानं ठरवलं, की वेगाचे पडदे काढा आणि हातानं ढकलायचे जुने दांडे परत बसवा.

मला सांगा, तो पडदा कप्तानानं विकत आणला होता का? जपानमधल्या अमेरिकी जहाजांच्या कौशल्याच्या प्रमाणपत्रांपैकी ३७ टक्के मुदत संपलेली होती, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी दाखवलं आहे. ती मुदत एका रात्रीत संपली नव्हती. मोहिमा वाढवत नेल्या आणि प्रशिक्षणाचे दिवस कापत गेले, ते कुणी? अमेरिकी नौदल या वेळी ब्रिजवर थांबलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सातव्या आरमाराचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल ऑकॉइन यांना दोनच दिवसांत काढलं, मग आणखी वरिष्ठ गेले. दोन्ही कप्तानांवर मनुष्यवधाचे आरोप ठेवले गेले, ते पुढे टिकले नाहीत. मात्र जहाजं किती, माणसं किती आणि कामं किती, याचा मेळ वॉशिंग्टनमध्ये बसून ज्यांनी बिघडवला, त्यांच्यातलं कुणी घरी गेल्याचं मला दिसत नाही. दोरी वर खेचत नेली की ती एका ठरावीक मजल्यापर्यंतच जाते.

आता ज्या अपघाताबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो. तो १३० वर्षांहून जुना आहे.

२२ जून १८९३. भूमध्य समुद्र, आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीसमोर. तिथल्या ब्रिटिश आरमाराचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल सर जॉर्ज ट्रायन ‘व्हिक्टोरिया’वर. जहाजांच्या दोन रांगा शेजारी शेजारी चाललेल्या, अंतर सहा केबल, म्हणजे साधारण अकराशे मीटर. ट्रायन यांनी हुकूम काढला, की दोन्ही रांगांनी आतल्या बाजूला, एकमेकींकडे, पूर्ण वळावं. एवढ्या मोठ्या जहाजांना वळायला जी जागा लागते तिचा साधा हिशेब केला तरी ती पुरणार नाही हे कळत होतं. सल्लागारांनी म्हटलं, आठ केबल हवेत. ट्रायन हो म्हणाले आणि हुकूम सहाचाच दिला. पुन्हा विचारलं गेलं, पुन्हा सहा. दुसऱ्या रांगेच्या ‘कँपरडाउन’वर रिअर ॲडमिरल मार्कम होते. त्यांनाही ते अशक्य वाटलं. त्यांनी संदेश कळल्याची खूण अर्ध्यावरच ठेवली, शंका विचारायची तयारी केली. तेवढ्यात ट्रायनकडून सगळ्या आरमारादेखत विचारणा आली, कशाची वाट बघताय? मार्कमनी खूण वर चढवली आणि जहाज वळवलं. ‘कँपरडाउन’ ‘व्हिक्टोरिया’च्या पोटात घुसली. तेराएक मिनिटांत ‘व्हिक्टोरिया’ उलटी होऊन बुडाली. ३५८ माणसं गेली, ट्रायनही गेले. चूक सगळी माझीच, असं ते शेवटी म्हणाल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं.

यातली एक विसंगती बघा. ट्रायन हे हुकूमशाही प्रवृत्तीचे मठ्ठ गृहस्थ नव्हते. कप्तानांनी प्रत्येक गोष्टीत संदेशाची वाट न बघता स्वतःच्या बुद्धीनं जहाज चालवावं, यासाठीच ते आरमाराला शिकवत होते. आणि त्यांच्याच आरमारात, हिशेब चुकतोय हे दिसत असताना, एकाही माणसानं जहाज थांबवलं नाही. इतक्या हुशार माणसानं काहीतरी योजलं असेलच, असं सगळ्यांना वाटत राहिलं. धाकापेक्षाही हा आदर घातक, असं मला ही गोष्ट वाचताना नेहमी वाटतं.

माल्टाला लष्करी न्यायालय भरलं. निकाल काय? दोष ट्रायनचा. ‘व्हिक्टोरिया’चे कप्तान बर्क निर्दोष. मार्कमबद्दल न्यायालय म्हणालं, की त्यांनी शंका विचारायचा पहिला विचार अमलात आणला नाही याचं वाईट वाटतं. पण समोर हजर असलेल्या सेनापतीचा हुकूम पाळल्याबद्दल त्यांना दोषी ठरवणं आरमाराच्या हिताला घातक होईल. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. विचारायला हवं होतंत, पण न विचारल्याबद्दल आम्ही काही म्हणणार नाही. यातून पुढच्या पिढीच्या मार्कमनी काय उचललं असेल? मेलेल्या ॲडमिरलवर सगळा दोष जाणं किती सोयीचं असतं, हेही इथे दिसतं. तो उलटतपासणीला येत नाही.

तुम्ही म्हणाल, ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली गोष्ट. तर ९ फेब्रुवारी २००१ घ्या. हवाईजवळ ‘ग्रीनव्हिल’ या अमेरिकी अणुपाणबुडीवर सोळा पाहुणे होते. त्यांना दाखवायला म्हणून पाणबुडी एकदम पृष्ठभागावर उसळवली आणि ती ‘एहिमे मारू’ या जपानी मत्स्यविद्यालयाच्या जहाजाखाली आली. ९ गेले, त्यांत ४ विद्यार्थी. एका तंत्रज्ञाच्या यंत्रावर जहाज जवळ येत असल्याचं दिसत होतं. नियंत्रणकक्षात पाहुण्यांची गर्दी, कप्तान स्कॉट वॉडल घाईत, आणि त्यांनी पेरिस्कोपमधून स्वतः पाहून समुद्र मोकळा असल्याचं सांगितलेलं. तंत्रज्ञ बोलला नाही. दोष कप्तानाचा? होय, निःसंशय. पण मला त्या तंत्रज्ञाची जागा छळते. चौकशी मंडळानं प्रत्येक अपघातात शोधायला हवं, की हे कुणाच्या लक्षात आलं होतं आणि त्याचं तोंड कशानं बंद झालं. शिक्षा जितकी कडक तितकी थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद कमी होते, हे कुठल्याही कारखान्यातला फोरमन सांगेल. म्हणून शिक्षेची आणि शिकण्याची चौकशी वेगळी असावी लागते. विमानवाहतुकीनं हे केव्हाच केलं.

वॉडल यांच्यावर लष्करी खटला चालला नाही, पूर्ण निवृत्तिवेतनासह ते बाहेर पडले, आणि जपानमधली कुटुंबं त्यावर संतापली. डिसेंबर २००२ मध्ये ते स्वतः उवाजिमाला जाऊन माफी मागून आले. काहींनी ती घेतली, काहींनी भेटायलाही नकार दिला. दोघांचंही बरोबर होतं.

रशियाचं उदाहरण थोडक्यात, कारण त्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. ऑगस्ट २००० मध्ये ‘कुर्स्क’ पाणबुडीत टॉर्पेडोचा स्फोट होऊन सगळेच्या सगळे ११८ जण गेले. सव्वा वर्षानं उत्तर आरमाराच्या प्रमुखांसह अनेक ॲडमिरल काढले, तेही ‘कुर्स्क’साठी नव्हे, रोजच्या कामकाजातल्या उणिवांसाठी. प्रमुख ॲडमिरल पोपोव्ह लगेच संसदेच्या वरच्या सभागृहात गेले. फौजदारी चौकशी कुणालाच आरोपी न करता मिटली.

आपण रशियापेक्षा बरे आहोत का? आहोत. अमेरिकेइतके आहोत का? नाही. फरक शिक्षेत नाही, कागदात आहे. ‘फिट्झजेराल्ड’ आणि ‘मॅककेन’च्या चौकशीचे अहवाल अमेरिकी नौदलानं त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, लोकांपुढे ठेवले. कोणत्या मिनिटाला ब्रिजवर कोण काय म्हणालं, कोणत्या कप्प्यात पाणी किती वेळात भरलं, नाविक शिडीपर्यंत कसे पोचले, सगळं. मेलेल्या मुलाच्या आईला ते वाचता येतं. आणि उद्या त्या खुर्चीत बसणाऱ्या लेफ्टनंटलाही. आपल्याकडे चौकशी मंडळाचा अहवाल नौदलाच्या आत राहतो. अधूनमधून वर्तमानपत्रात सूत्रांकडून एखादी ओळ झिरपते, तेवढंच.

१८ डिसेंबर २०२४ला तुमच्या-आमच्या ओळखीच्या पाण्यात काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. या वेळी मेलेले बहुतेक गणवेशातले नव्हते, म्हणून कुलाबा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. एरवी हे सगळं नौदलाच्या भिंतीआड राहिलं असतं. स्पीडबोट चालवणाऱ्याचं काय होईल ते होईल. मला जाणून घ्यायचं आहे ते वेगळंच. भर दुपारी, प्रवासी बोटींच्या वाटेवर, नव्या इंजिनाची चाचणी घ्यायची हे कुठे आणि कोणत्या पायरीवर ठरतं? चाचणीसाठी समुद्राचा एखादा तुकडा राखून ठेवायचा नियम आहे का? असेल तर तो कुणी मोडला, आणि नसेल तर तो लिहायचं काम कुणाचं होतं?

गुप्ततेचं कारण पुढे येईल याची मला कल्पना आहे. पाणबुडीची यंत्रणा, शस्त्रं, त्यांचा मारा, हे झाकून ठेवा, कुणाची हरकत नाही. पण दुरुस्तीची फाइल किती महिने अडकली हे शत्रूला कळून तो काय करणार आहे? नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात नौदलाच्या अपघातांचा हिशेब छापलेला आहे. २००७-०८ ते २०१५-१६ या काळात ३८ अपघात, ३३ मृत्यू. नौदल स्थापन झाल्यापासून सुरक्षिततेसाठी स्वतंत्र संस्थात्मक व्यवस्थाच नव्हती, आणि २०१४ मध्ये जी उभी केली तिला सरकारची मंजुरी मिळायची होती, हेही त्यात आहे. म्हणजे आकडे बाहेर आले, व्यवस्थेतली उणीव बाहेर आली, आणि देशाच्या संरक्षणाला काही झालं नाही. मग प्रत्येक जीवघेण्या अपघाताच्या चौकशीचा सारांश, शस्त्रांचा तपशील गाळून, वर्षाच्या आत संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे आणि मृतांच्या घरच्यांच्या हातात का देता येऊ नये? त्यात कप्तानाचं नाव जरूर असू दे, सगळ्यात वर असू दे. त्याच्या खाली दुरुस्ती लांबवणाऱ्याचं, मुदत वाढवून देणाऱ्याचं आणि चाचणीला परवानगी देणाऱ्याचं पदही छापलेलं असू दे. नौसेना अधिनियम १९५७ सालचा आहे; संसदेनं केला, संसदेला बदलता येतो. आपल्या भागाचे खासदार पुढच्या वेळी भेटतील तेव्हा त्यांना हे विचारा.